मनगटाचा दोष

आमच्या क्लबातल्या धनुष्यांना स्क्रू होते, पण त्या स्क्रूंना हात लावायचा अधिकार एकट्या सरांना होता. ते फिरवायच्या षटकोनी चाव्या, एलन की, त्यांच्या स्कूटरच्या किल्लीसोबत एकाच कडीत असायच्या. कोणाचा बाण वाकडा जायला लागला की सर धनुष्य घेऊन झाडाखाली बसत, पाठमोरे, म्हणजे काय फिरवलं ते आम्हाला दिसू नये. मग परत आणून देत आणि म्हणत, "आता कर. आता काई झालं तर तुह्यात हाये, त्याच्यात नाई."

अमरावतीत धनुर्विद्या शिकणारी पोरं गल्लोगल्ली सापडतील. त्यातली बरीचशी साध्या लाकडी धनुष्यावर हात बसवतात. कंपाउंड धनुष्य मात्र यंत्रच. दोन टोकांना चाकं, त्यांवरून जाणारी दोरी आणि तारा, मधोमध बाण टेकवायची रेस्ट, आणि त्या तारा बाणाच्या वाटेतून बाजूला धरून ठेवणारी एक बारीक दांडी. यातलं एक काही नखभर सरकलं तरी बाण सरळ उडत नाही, मासोळीसारखं शेपूट हलवत जातो.

माझ्या वाट्याला आलेलं धनुष्य मुळात शिकारीचं. परदेशातल्या कोणी तरी वापरून झाल्यावर ते क्लबाला दिलं होतं. अंगभर वाळलेल्या पानांची छपाई, हरणाला दिसू नये म्हणून. आमच्याकडे हरणाकडे नुसता बाण रोखला तरी वनखात्याची गाडी दारात उभी राहील, पण धनुष्याला ते कुठून माहीत असणार? मैदानावरची पोरं मला शिकारीन म्हणायची.

"काय वं शिकारीन, आज काय मारलं? गवत काय?"

गवतच मारत होते. पन्नास मीटरवर सहा बाण सोडले की दोन मधल्या पिवळ्यात, दोन बाहेरच्या निळ्यात आणि दोन गवतात. चार महिने हेच. सर मागे उभे राहून पाहत आणि एकच शब्द बोलत. "मनगट."

"सर, मनगट मी हलवत नाही."

"तुले दिसत नाई. मले दिसते. फिरते तुहं मनगट. पोरींचं असंच असते, हाड बारीक राहते."

मग पाण्याची भरलेली बाटली समोर धरून शंभर आकडे मोजायचे. मी मोजले. महिनोन्महिने मोजले. दंडाला गोळा आला, बाण गवतातच.

सरांबद्दल वाईट लिहायला बसले नाही मी. भर उन्हात टार्गेटच्या गवताच्या गाद्या सुतळीने शिवणारा, आमच्या बाणांची तुटलेली टोकं मातीतून वेचणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. पण हाड बारीक असतं हे वाक्य मी एकटीनेच ऐकलं नव्हतं. माझ्याआधी हेच धनुष्य एका ताईकडे होतं. चांदूर बाजारहून रोज एसटीने यायची. तिचंही मनगट फिरायचं म्हणे. तीन वर्षं बाटली धरली आणि मग आलीच नाही. सर तिचं नाव उदाहरणासारखं घ्यायचे: मेहनती पोरगी होती, पण मनगटच नाई तर काय करता.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. अकोल्याला निवड चाचणी आहे, क्लबातून कंपाउंडवर एकच मुलगी पाठवायची. आमच्या मापाचं धनुष्य एक, मुली दोन. पुढच्या रविवारपर्यंत माझे सहा बाण पिवळ्या-लाल भागात बसले तर मी जाईन. नाही तर धनुष्य दुसरीला. दुसरी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, लाकडी धनुष्यावर उत्तम मारणारी. ती खाली मान घालून उभी होती. तिला हवं होतं, हे मला दिसत होतं, आणि त्यात तिचं काही चुकलंही नव्हतं.

त्या दिवशी घरी जाऊन मी पत्रक लिहायला बसले.

हे आमच्या घरातलं दुखणं. बाबा शाळेत शिक्षक, पण मोहल्ल्यात त्यांची ओळख पत्रकवाला मास्तर. अंगात येणारी माणसं, हुंडा, नळाला चार दिवस पाणी नाही, कशावरही बाबा एकपानी पत्रक काढणार आणि स्वतः स्टँडवर उभे राहून वाटणार. मी अक्षरं ओळखायला त्याच कागदांवर शिकले. मोझरीच्या आश्रमात गर्दीच्या दिवशी बाबांसोबत जायचे तेव्हा माझं काम घड्या घालायचं. दुपारपर्यंत नखाला शाई लागायची. राग आला की दुसऱ्या घरात भांडी आपटत असतील, आमच्याकडे मथळा सुचतो.

माझा मथळा होता: मुलींची मनगटं दोषी, की सरांचा हात?

बाबांनी उभ्याउभ्या वाचलं. चष्मा वर केला.

"चांगलं लिहिलं. तपासलं काय?"

"काय तपासायचं? चार महिने भोगून राहिली मी."

"भोगणं वेगळं, तपासणं वेगळं. सरांनी धनुष्य चुकीचं लावलं हे तुले कसं माहीत?"

बाबा वाकले आणि दिवाणाखालून एक गठ्ठा ओढून काढला. पिवळा पडलेला, सुतळीने बांधलेला. तो गठ्ठा मला लहानपणापासून माहीत होता. एका गावातल्या विहिरीत एका माणसाने घाण टाकली असं बाबांनी ऐकलं आणि छापलं होतं. खोटं निघालं. बाबांनी मग माफीचं दुसरं पत्रक छापलं आणि त्या गावात घरोघर जाऊन वाटलं, त्या माणसाच्या दारात सगळ्यात आधी. पहिल्या पत्रकाच्या उरलेल्या प्रती त्यांनी जाळल्या नाहीत. जपून ठेवल्या, स्वतःला दिसाव्यात म्हणून.

"तुह्या त्या व्हिडिओत कागदातून बाण मारतात म्हणे. कागद पाहिजे ना? हा घे. याले भोकं पडली तर मले बरंच वाटीन."

व्हिडिओ मी त्यांना दाखवले होते. परदेशातली दाढीवाली माणसं, शिकारी. त्यांचं जग माझं नाही. पण त्यातल्या एकाचं बोलणं डोक्यात राहिलं होतं. बाण शेपूट हलवत गेला तर जनावर मरत नाही, जखमी होऊन जंगलात जातं आणि दिवसभर तडफडतं. म्हणून सरळ उडणारा बाण ही हौस नाही, जबाबदारी आहे, असं तो म्हणत होता. आणि ती तपासायची रीत सोपी. ताणलेल्या कागदापासून दोन पावलांवर उभं राहायचं आणि बाण आरपार मारायचा. सरळ गेलेला बाण गोल भोक पाडतो आणि भोवती पिसांच्या तीन बारीक चिरा. तिरका गेलेला बाण कागद फाडतो. कुठल्या बाजूला फाटला त्यावरून शेपूट कुठे गेलं ते कळतं. कागदाला सरांची भीती नाही आणि माझी दयाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर कोणी यायच्या आत पोचले. चौकीदाराकडून मोडक्या खाटेची चौकट मागून घेतली, दोन विटांवर उभी केली, मागे गवताची गादी. पत्रक चिमट्यांनी लावलं. मारलं.

भोकाच्या डावीकडे बोटभर लांब फाट. विहिरीच्या मथळ्यातून आरपार.

दुसरं पत्रक, तीच फाट. पाचवं, तीच. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, सापडले सर. सायकलच्या दुकानातून आणलेली एलन की खिशात होती. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या स्क्रूला हात लावला. रेस्ट कुठे होती तिथे पेनाने रेघ मारून ठेवली आणि केसभर उजवीकडे सरकवली. व्हिडिओतल्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे फाट कमी व्हायला हवी होती.

झाली नाही. आणखी सरकवली. तेवढीच फाट. उलट्या दिशेने सरकवली. तेवढीच. प्रत्येक पत्रकाच्या कोपऱ्यात मी लिहीत गेले, रेस्ट इकडे, रेस्ट तिकडे. चौदा पत्रकं झाली आणि माझ्या रागाच्या पत्रकाचा मथळा पार कोसळला. सरांनी रेस्ट बरोबरच लावली होती. मी ती रेघेवर परत आणली.

मग उरलं मनगट. तेवढं एकच उरलं होतं.

ते मान्य करून घरी जाता आलं असतं. गेलेही असते, पण एक गोष्ट तपासायची राहिली होती. मनगट माझं असेल तर दुसऱ्या हातातून फाट वेगळी पडायला हवी. म्हणून मी चांदूर बाजारच्या ताईला फोन लावला. ती आता कृषी केंद्रात काउंटरवर बसते, बियाण्याच्या पिशव्या देते. आधी हसली.

"मले कायले बोलावतं बाप्पा? माह्यं मनगट तर नापास हाये."

"म्हणूनच बोलावून राहिली."

शनिवारी सकाळच्या पहिल्या एसटीने आली. सोडून गेल्यावर पहिल्यांदाच मैदानात पाय ठेवला होता. चप्पल काढून आत आली, पहिल्यासारखीच. धनुष्य हातात घेतलं, पानांच्या छपाईवरून बोट फिरवलं, ओढलं. अंग विसरलं नव्हतं. बाण सुटला.

डावीकडे बोटभर फाट.

तिने अजून तीन मारले. चारही कागद मी माझ्या कागदांवर ठेवले आणि उजेडाकडे धरले. फाटीवर फाट बसली. ताई तिथेच मातीत बसली.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "तीन वर्षं म्या या मनगटाले शिव्या देल्या. पोळ्या लाटतानाही पाहो, फिरते काय म्हून."

मी बाण वेचायला गेले, आणि तेव्हा ते दिसलं. चारही बाणांच्या एकेका पांढऱ्या पिसावर लालसर डाग होता. डाग मी आधीही पाहिला होता. दसऱ्याला बाणांचीही पूजा होते, कुंकू लागणारच, असं धरून चालले होते. पण हे बाण मी शुक्रवारी ओल्या फडक्याने पुसले होते.

परत पुसले. मारला. परत लाल.

"ताई, बाण कशाला तरी घासून राहिला."

दोघींनी धनुष्य आडवं धरलं आणि नाक लावून पाहिलं. तारा बाजूला धरणारी ती दांडी. तिच्यावर दसऱ्याचा धागा होता, पूजेचा लाल-पिवळा. दर दसऱ्याला सर सगळी धनुष्यं चौरंगावर मांडतात, झेंडू, हळद, कुंकू, आणि प्रत्येक कंपाउंडच्या दांडीवर धाग्याचे सात वेढे. जुना धागा काढायचा नाही, नवा त्यावरच गुंडाळायचा, ही क्लबाची रीत. काढला तर हत्यार रुसतं, असं सर म्हणत. आमच्या धनुष्यावर किती दसरे साचले होते कोणास ठाऊक. अंगठ्याएवढा जाड गोळा झाला होता, तेल आणि कुंकू पिऊन लाकडासारखा कडक. त्याची गाठ बाणाच्या वाटेत आली होती. जाता जाता पीस तिला घासत होतं आणि शेपूट डावीकडे ढकललं जात होतं.

चार महिने तो गोळा माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होता. ताईच्या डोळ्यांपासून तीन वर्षं. देवाचं म्हटलं की माणूस हात जोडतो, पाहत नाही. मीही, पत्रकवाल्या मास्तरची पोरगी, रोज त्याला बोट लावून कपाळाला लावत होते. स्पर्धा आहे, कशाला उगाच, म्हणून.

ताईने पर्समधून नखं कापायचं नेलकटर काढलं. "काप. कोण पाह्यते?"

कापला असता तर सगळं सोपं होतं. रविवारी बाण पिवळ्यात बसले असते, सर म्हणाले असते, पाहा, बाटलीनं मनगट सुधारलं, आणि मी अकोल्याला गेले असते. चाचणी हवी होती मला. फार हवी होती. पण मग ताईचं मनगट नापासच राहिलं असतं, आणि माझंही, फक्त सुधारलेलं नापास.

"चोरून नाही," मी म्हटलं. "उद्या, सगळ्यांसमोर."

"पागल हायस तू," ताई म्हणाली. पण नेलकटर मला देऊन गेली.

रविवारी सगळा क्लब जमला होता. माझी चौकट उभी पाहून सरांच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय नाटक? आणि थे चावी तुह्याजवळ कुठून आली?"

"सायकलच्या दुकानातून, सर. रेस्ट हलवून पाहिली आणि परत होती तिथेच ठेवली. तुम्ही बरोबरच लावली होती. सगळ्यांसमोर सांगते."

ते त्यांना अपेक्षित नव्हतं. मी कागद दाखवले. माझे, मग ताईचे. मग धनुष्य त्यांच्यापुढे धरलं. कंपाउंडचं माप उंचीवर ठरतं; सर माझ्याच उंचीचे, त्यांना ते ओढता येत होतं.

"सर, तुम्ही मारा."

"मले शिकवतं काय वं?"

"नाही सर. तुमचं मनगट पक्कं आहे हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच."

मागून कोणी तरी खुदकन हसलं. सरांनी धनुष्य घेतलं, दोन पावलांवर उभे राहिले, सुंदर उभे राहिले, आणि बाण सोडला. डावीकडे बोटभर फाट. कोणी हसलं नाही. त्यांनी दुसरा मारला. तीच.

"धनुष्यच खराब झालं," ते म्हणाले. "जुनं हाये. भंगारात टाका."

मी त्यांना पिसावरचा लाल डाग दाखवला, मग धाग्याचा गोळा. नेलकटर पुढे केलं. "सर, तुम्ही बांधला, तुम्हीच सोडा. बाकी काही नको."

सरांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. चिडले असते तर सोपं होतं. ते आधी घाबरले. मग म्हणाले, "याले हात लावशीन तर क्लबात पाय ठेवू नोको. शस्त्राचा अपमान म्या खपवून घेत नाई."

"आणि माणसाच्या मनगटाचा?"

मी कापायला सुरुवात केली. नेलकटरने ते काम होत नाही, वेढा वेढा तोडावा लागतो. किती वेळ गेला ते कळलं नाही, पण थांब असं कोणी म्हटलं नाही, सरही नाही. शेवटचा थर आतून पांढरा पडलेला होता. सगळा गोळा मी खाली टाकला नाही, पूजेच्या चौरंगावर ठेवला. मग नवं पत्रक लावलं आणि मारलं.

गोल भोक. तीन बारीक चिरा. विहिरीच्या त्या खोट्या पत्रकात इतकी खरी गोष्ट कधी उमटली नव्हती.

पन्नास मीटरवरचे सहा बाण मारू दिले नाहीत. सरांनी धनुष्य माझ्या हातातून घेतलं, खोक्यात ठेवलं, कुलूप लावलं. "तू बाहेर," एवढंच म्हणाले. मी कागद गोळा केले आणि निघाले. धनुष्य गेलं, अकोला गेलं. फाटकापर्यंत ताठ चालले. पुढचं सांगण्यासारखं नाही.

अकोल्याला तरीही गेले, बघायला. मावशी जुन्या शहरात राहते. तिच्याकडे आदल्या दिवशी उतरले आणि सकाळी मोर्णा नदीचा पूल ओलांडून चालत मैदानावर. सोबत ताई होती, दुकानातून सुट्टी काढून आली होती. दोरीमागे उभ्या राहिलो. सर आमच्या क्लबाच्या पाटीखाली होते आणि रेषेवर ती दुसरी, माझ्यापेक्षा लहान, हातात वाळल्या पानांचं धनुष्य. मी आधी दांडीकडे पाहिलं. धागा नव्हता. नवाही नव्हता. सरांनी बांधला नव्हता.

बाण सुरीसारखे जात होते. एकाचंही शेपूट हलत नव्हतं. मला मत्सर वाटला, आणि छातीत दुसरंही काही भरून आलं. दोन्ही एकदमच. निवड झालेल्यांची नावं वाचली तेव्हा त्यात तिचं नाव होतं.

शेजारच्या क्लबाचे कोणी सरांशी हात मिळवायला आले. सर मोकळं हसले, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरीचं मनगट पाहा ना. पक्कं. म्या पहिल्या दिवशीच ओळखलं होतं."

ती दोरीच्या पलीकडे आमच्यापासून चार हातांवर उभी होती. तिने मला पाहिलं, ताईला पाहिलं. पोरगी बोलण्यात हळू, क्लबात तिचा आवाज कोणी फारसा ऐकला नव्हता.

"सर," ती म्हणाली, "मनगट तेच हाये. आता धागा नाई."

पाहुणे काही समजले नाहीत, हसून पुढे गेले. सरांचा हात तिच्या खांद्यावरून खाली आला. ते वळले आणि मी दिसले.

"तू कायले आली?"

"पाहायला," मी म्हटलं.

ताईने धनुष्य धरायचा हात वर केला, सरांसमोर मनगट एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवून पाहिलं, आणि दोरीखालून आत जाऊन त्या मुलीचे गवतातले बाण वेचायला लागली. गवतात एकच बाण होता.